उणे एक मिनिट बारा सेकंद

दिलसुखनगर, हैदराबाद
९ जून २०२४

ती. शिवराजदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या संक्रांतीच्या पत्राला आज उत्तर लिहिते आहे. पाच महिने झाले. कॉलेजच्या परीक्षा, मेघनाचं कोचिंग, अशी कारणं सांगता येतील, पण खरं कारण एवढंच की आधी उशीर झाला आणि मग उशीर झाल्याची लाज वाटून आणखी उशीर झाला. ऑपरेशनपासून तुला फोनवर बोलता येत नाही, आणि मोबाइलवर अंगठ्यानं मराठी लिहिणार नाही ही तुझी प्रतिज्ञा. म्हणजे तुझ्याशी बोलायचं तर पत्रानंच, आणि तिथंच मी गप्प बसले. क्षमा कर.

सोबत बसच्या पार्सलनं बाबांचा सीडी प्लेअर पाठवते आहे. मार्चपासून तो डिस्क ओढून घेतो, कुरकुरतो आणि बाहेर टाकतो. जामबागला कॉलेजच्या मागच्या गल्लीत एका दुकानात दाखवला. तो माणूस म्हणाला, "मेडम, इसका लेन्स अब नै मिलता. मिला बी तो अडीच-तीन हजार. फेंक दो, परेशान नक्को होओ." तुझ्या मेव्हण्यांचं, म्हणजे चेतनचंही, तेच मत पडलं. तीन हजार त्या म्हाताऱ्या खोक्यात घालण्यापेक्षा सगळ्या डिस्क लॅपटॉपवर घेऊ, फुकट काम होईल.

फुकट कसं झालं ते ऐक. लॅपटॉपला डिस्क वाचायची सोय नाही, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेतला. लॅपटॉपचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, म्हणून आवाज सुधारणारी एक डबी घेतली, मग त्या डबीला शोभतील असे स्पीकर. हार्ड डिस्क एक बिघडली तर सगळं जाईल म्हणून दोन. एकूण एकतीस हजार चारशे. शिवाय एकशे चाळीस डिस्क उतरवायला माझे सात रविवार गेले, ते मी धरलेले नाहीत. धरायला हवेत का, ते ठरवता येत नाही.

तू रेडिओ उघडून बसणारा माणूस. खोकं तुझ्याकडं गेलेलं मला बरं वाटेल. डिस्कही पाठवते आहे, बाबांच्या भजनांचीसुद्धा. आता सगळं संगणकात आहे.

आई ठीक आहे. निदान असं म्हणायला हरकत नाही.

तुझी,
त्रिवेणी

•

उदगीर
२० जून २०२४

चि. त्रिवेणीस,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, यात काय बॉम्ब?" मी गळ्याकडं बोट दाखवलं तसा तो घाबरून स्वतःच पिशवी घरापर्यंत घेऊन आला. गळ्यातल्या भोकाचा एवढा तरी उपयोग.

तीन हजार वाचवायला एकतीस हजार घालवलेस, म्हणजे तू खरोखर मुकुंदकाकांची लेक. काकांनी एकदा दोन रुपयांची रिक्षा वाचवायला आबिड्सवरून चालत येऊन नवी चप्पल झिजवली होती. तुमच्या घरात काटकसर परवडत नाही.

आतली पट्टी ढिली झाली आहे आणि भिंगावर धूळ आहे. डोळे बरे असतात त्या दिवशी उघडतो. तुझ्या दुकानदाराला सांग, लेन्स गेलेली नाही, ती पुसायची अक्कल गेली आहे.

तुझं शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. काकूचं नीट लिही.

शिवराज

•

दिलसुखनगर
७ जुलै २०२४

ती. दादास,
सा. न.

तू विचारलंस म्हणून नीट लिहिते.

बाबा गेल्यापासून नऊ वर्षं आईचा एक नेम होता. संध्याकाळी सहा चाळीसच्या सुमाराला देवाजवळ दिवा लावायचा, मग प्लेअरपुढं बसून बाबांच्या भजनांची डिस्क लावायची. ती डिस्क बाबांनी जाण्याआधी सहा महिने आबिड्सच्या एका गल्लीतल्या स्टुडिओत जाऊन करून घेतली होती. अकरा भजनं. दहा-बारा प्रती काढून नातेवाइकांत वाटल्या होत्या, तुला आठवत असेल.

आईला बटणं कळत नाहीत असं आम्ही समजत होतो. ती आधी सुरू करायची आणि लगेच मागं जायचं बटण दाबून धरायची, खूप वेळ. मेघना हसायची, "आजी, पीछे क्या है? पीछे कुच नै है!" मी कितीदा तिचं बोट धरून बटणावरून बाजूला केलं आहे. ती हात मांडीवर ठेवायची. आम्ही खोलीबाहेर जाईपर्यंत थांबायची.

आता सहा चाळीसला मी तिला लॅपटॉपवर तीच भजनं लावून देते. आवाज स्वच्छ आहे, बाबांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पण पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हे एकदम सुरूच होतं." मी म्हटलं, "हो आई, आता थांबावं लागत नाही." ती म्हणाली, "आधीचं कुठंय?"

आधी काहीच नाही, हे मी तिला तीन-चारदा समजावलं. परवा तिनं भजन मध्येच बंद करायला सांगितलं. "गातात," म्हणाली, "पण बोलत नाहीत."

दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं आहे. डॉक्टर वयाकडं बोट दाखवतात. घास तोंडात धरून बसते, गिळत नाही. दिवासुद्धा लावत नाही. "कुणी विचारत नाही, कशाला लावू," असं म्हणते. मी म्हटलं, "मी विचारते ना." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

त्रिवेणी

•

उदगीर
२२ जुलै २०२४

चि. त्रिवेणीस,
आशीर्वाद.

प्लेअर दुरुस्त झाला. खर्च: स्पिरिटची बाटली साठ रुपये आणि एक रबरी पट्टी, ती जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढली. १८ जुलैपासून चालू आहे.

पुढचं लिहू की नको, असा चार दिवस विचार केला. तुझ्या पत्रात काकू मागचं बटण दाबायची असं होतं, म्हणून मीही दाबून पाहिलं. सीडीवर पहिल्या गाण्याच्या आधी थोडी मोकळी जागा ठेवता येते. प्लेअर सरळ लावला तर तिच्यापुढून सुरू होतो. संगणकही गाण्यांपासूनच उतरवून घेतो, मागं वळून बघत नाही. पण प्लेअरवर मागचं बटण धरून ठेवलं तर आकडा शून्याच्या खाली जातो. उणे एक, उणे दोन. या डिस्कवर तो उणे एक मिनिट बारा सेकंदांपर्यंत गेला.

बटण सोडलं. आधी नुसतं घसा साफ केल्याचं ऐकू आलं. मग मुकुंदकाकांचा आवाज. मला नेहमीच्या बोलण्यातला तो आवाज ऐकून नऊ वर्षं झाली होती.

काका म्हणतात, "कुसुम, दिवा लावलास का?" मग थांबतात. मग, "बरं. आज जेवायला काय?" पुन्हा थांबतात. मग, "गुडघा कसा आहे?" या वेळी बराच वेळ. मग, "बस आता. ऐक." आणि भजन.

माझ्याकडं काकांनी दिलेली प्रतही आहे. तिच्यावर हे नाही. म्हणजे ही एकच डिस्क त्यांनी मुद्दाम वेगळी करून घेतली.

आता मला सांग, तुझ्यापाशी लपवणं बरोबर नाही म्हणून विचारतो. तुमच्या घरात, ओळखीत, कुणी कुसुम होती का? काकूचं नाव सावित्री. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. डिस्क फोडून टाक म्हणालीस तर फोडीन.

संध्याकाळी मात्र मी ती लावतो. नेम लागला आहे. माझ्याशी एवढं कुणी बोलत नाही.

शिवराज

•

दिलसुखनगर
१ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न.

पुन्हा सव्वा महिना. या वेळी कारण आहे. तुझं पत्र वाचून मी चार उत्तरं लिहिली आणि फाडली. एकात तुला शिव्या होत्या, दोनांत बाबांना. आयुष्यभर आईला "अगं" याखेरीज हाक न मारलेला माणूस डिस्कवर दुसऱ्याच बाईला गुडघ्याचं विचारतो, आणि माझी आई नऊ वर्षं ते ऐकत बसते, हे मला पचेना. आईला ते ठाऊक आहे आणि तरी ती ऐकते, असंही मनात येऊन गेलं. आलं होतं, म्हणून लिहिते.

शेवटी मागच्या रविवारी शेंगा सोलता सोलता विचारलं. "आई, कुसुम कोण गं?"

ती म्हणाली, "मीच की."

मी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"माहेरची. सावित्री ह्यांच्या घरानं ठेवलं. लग्नाच्या ताटात तांदळावर लिहिलं आणि झाले मी सावित्री. तुला काय वाटलं?" आणि दादा, ती हसली. कितीतरी महिन्यांनी. "तुझे बाबा चारचौघांत नाव घ्यायचे नाहीत. घरात कुणी नसलं की कुसुम म्हणायचे."

मला ते माहीत असायला हवं होतं. लहानपणी मामाच्या तोंडून "कुसी" ऐकलेलं आहे, ते लाडाचं नाव समजले. माझ्या स्वतःच्या आईचं पहिलं नाव मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता चांगली गोष्ट. आई सुधारते आहे. जुलैच्या उत्तरार्धात एका संध्याकाळी उठून तिनं आपणहून दिवा लावला आणि खुर्चीत बसली. मला वाटलं, अखेर लॅपटॉप रुळला. मी भजन लावायला गेले तर म्हणाली, "थांब जरा." मग समोर बघत म्हणाली, "लावला." थोड्या वेळानं, "भेंडी." मग, "आहे तसाच. जिन्यावर दुखतो." मग मला म्हणाली, "हं, लाव आता."

रोज असंच चालतं. जेवते, दीड किलो वजन वाढलं आहे. मेघना दारातून बघते आणि विचारते, "मम्मी, आजी किस्से बातां करते?" मी तिला म्हणते, आठवणीशी. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला याहून बरं उत्तर सुचायला हवं होतं.

मी सवयीनं वहीत वेळ लिहिते. बहुतेक दिवस सहा चाळीस ते सहा पंचेचाळीसच्या आत. ११ आणि १२ ऑगस्टला ती गप्प होती, जेवली नाही. १३ ला पावणेआठला बोलली, आम्ही जेवायला बसलो असताना, ताट समोर असतानाच. २४ ला दोनदा बोलली, लागोपाठ.

प्लेअर परत मागवू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "कशाला? नीट ऐकू येतंय की."

त्रिवेणी

•

उदगीर
९ सप्टेंबर २०२४

चि. त्रिवेणीस,

आधी काकूची क्षमा मागतो. भलता संशय घेतला. आपल्याकडं बायकांची नावं पुसतात, आणि मग ती कुणी घेतली की आपणच म्हणतो, ही कोण.

आता शांतपणे वाच. मीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करतो, औषधांच्या. त्यातच डिस्क लावल्याची खूण असते.

११ आणि १२ ऑगस्टला मी गळा दाखवायला लातूरला गेलो होतो. घर बंद होतं. १३ ला परत आलो तर लाइट नव्हती. आली तेव्हा पावणेआठ झाले होते, तेव्हा लावली. २४ ला अर्ध्यात अडकली, म्हणून पुसून पुन्हा पहिल्यापासून लावली.

मी हे तुला कळवलेलं नव्हतं. कुणालाच कळवलेलं नव्हतं. मला तर बोलून कळवताही येत नाही.

मला भीती वाटली नाही असं लिहिणार होतो. वाटली.

शिवराज

•

दिलसुखनगर
१५ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र मी कॉलेजमध्ये वाचलं आणि पुढचा तास घेऊ शकले नाही.

चार तारखा जुळल्या म्हणून काही सिद्ध होत नाही. माणसाला जुळणाऱ्या तारखाच आठवतात. कदाचित मी वहीत लिहिताना चुकले असेन, कदाचित तू खूण करताना. हे मी मुलांना दर वर्षी शिकवते. म्हणून तुझ्याकडं एकच गोष्ट मागते. २३, २४ आणि २५ सप्टेंबर, सोमवार ते बुधवार, तू डिस्क लावू नकोस. आईला मी काही सांगणार नाही. तीन दिवसच. गुरुवारी लाव. ती तिन्ही दिवस बोलली, तर हा सगळा आपल्या मनाचा खेळ आहे आणि मी सुखानं झोपेन.

मला वाईट वाटतं आहे का? हो. पण माहीत करून न घेता असंच चालू देणं मला जमत नाही. हा माझा गुण की दोष, तू ठरव.

त्रिवेणी

•

उदगीर
१९ सप्टेंबर २०२४

चि. त्रिवेणीस,

मला हे आवडलेलं नाही. औषध लागू पडतंय की नाही ते बघायला कुणी रोग्याचं औषध तोडत नाही. त्यातून पितृपंधरवडा लागला आहे, ते तू पाहिलेलं दिसत नाही.

पण तू सांगितलंस म्हणून तीन दिवस लावणार नाही. माझा हा होकार तुझ्या वहीत लिहून ठेव.

शिवराज

•

उदगीर
२८ सप्टेंबर २०२४

चि. त्रिवेणीस,

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा मी उचलला, ते तुला कळलं असेल. "दादा, आई गेली," म्हणालीस. मी या बाजूला नुसता श्वास घेत उभा होतो. तू बराच वेळ फोन ठेवला नाहीस. बरं केलंस. येता आलं नाही. गर्दीत आणि धुळीत जायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. अग्नी तू दिलास हे मेघनाच्या मेसेजवरून कळलं. काकांनाही ते आवडलं असतं.

तू स्वतःला दोष देणार, म्हणून आधीच लिहितो. ती एकोणऐंशीची होती. हे मी तुला सांगतो आहे, पण मला स्वतःला पटलेलं नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. मीही हो म्हणालो होतो.

आता गुरुवारचं. बातमी कळल्यावर डिस्क लावणार नव्हतो. सहा चाळीस झाले. मनात आलं, काकांना कोण सांगणार? तर लावली. बटण धरून उणे एक मिनिट बारापर्यंत गेलो आणि सोडलं.

"कुसुम, दिवा लावलास का?"

थांबले. आणि पुन्हा, "कुसुम, दिवा लावलास का?"

पुढं जेवणाचं विचारलंच नाही. आकडा उणे एक मिनिट दोन सेकंदांपर्यंत येतो आणि परत उणे एक मिनिट नऊवर जातो. मी अकरा वेळा मोजलं आणि बंद केलं. शुक्रवारी तेच. आज तेच.

सीडीवर चरा पडला की प्लेअर असा एकाच जागी घुटमळतो, मला माहीत आहे. डिस्क उजेडात धरून पाहिली. मला चरा दिसला नाही, पण माझ्या डोळ्यांची साक्ष कोण घेणार.

त्रिवेणी, ते उत्तराची वाट बघतायत. आणि मला आवाज नाही. काल मी गळ्यावर बोट ठेवून हवा दाबून "हो" म्हणायचा प्रयत्न केला. जे निघालं त्याला कुणी हो म्हणणार नाही.

प्लेअर आणि डिस्क उद्याच्या सकाळच्या बसनं पाठवतो आहे. तूच सांग त्यांना.

शिवराज

•

दिलसुखनगर
७ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न.

आज तेरावा झाला. माणसं गेली, भांडी घासून झाली, चेतन आणि मेघना खाली गेली आहेत. सोसायटीच्या आवारात बायका बतुकम्माच्या फुलांभोवती फेर धरून गात आहेत. आमच्या घरी यंदा घट नाही.

ते तीन दिवस तुला सांगायचे राहिले आहेत. वहीत आहेत ते जसेच्या तसे उतरवते.

२३, सोमवार. आईनं सहा अडतीसला दिवा लावला. खुर्चीत बसली. काही बोलली नाही. सव्वासातला उठली. "आज विचारलं नाही," म्हणाली. अर्धी भाकरी.

२४, मंगळवार. दिवा लावला. आठपर्यंत बसली. लॅपटॉपवर भजन लावू का विचारलं. "ते नको." जेवली नाही.

२५, बुधवार. दिवा लावला नाही. मी लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. विचारायचं थांबलेत. म्हणजे आता मीच जायला हवं." सहा वाजून बेचाळीस मिनिटं. मी त्या क्षणी तुला फोन करून "लाव, आत्ता लाव" म्हणू शकले असते. तू ऐकू शकतोस. फोन माझ्या हातात होता. प्रयोगाला दहा-पंधरा मिनिटं उरली होती, म्हणून मी थांबले.

सात वाजता ती खुर्चीतच होती.

वहीत याखाली मी लिहिलं आहे, "जुळलं." अक्षर माझंच आहे. लिहिल्याचं आठवत नाही.

तू दिलासा देशील म्हणून हे लिहिलेलं नाही. देऊ नकोस.

प्लेअर ३० तारखेला मिळाला. आईच्या खुर्चीसमोर, त्याच जागी ठेवला. संध्याकाळी चेतन बाहेर गेल्यावर मागचं बटण दाबून धरलं. मी तिच्या ज्या बोटाला बाजूला करायची, त्याच बोटानं, असं मला वाटलं. आकडा खाली गेला. सोडलं.

बाबांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं.

तू लिहिलं होतंस तसंच. उणे एक-दोनला येतं आणि परत उणे एक-नऊ. बसच्या हादऱ्यांनी भिंग हललं असेल. डिस्कवर बोटाचा डाग असेल. मी सुती कापडानं मधून कडेकडे पुसली, तू शिकवलंस तशी. फरक नाही. मग तीच डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातली. त्यानं अकरा गाणी दाखवली आणि पहिलं भजन सुरू केलं, न अडकता, न काही विचारता. एकतीस हजार चारशेत बाकी सगळं मिळालं होतं.

दादा, तू सांग म्हणालास. मी सांगितलेलं नाही. सात संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मी गप्प राहिले. तुला वाटेल, एका शब्दाचं काम. "हो" म्हणायचं. पण दिवा लावलेला नव्हता. मी अग्नी दिला, म्हणून गुरुजींनी तेरा दिवस देव्हाऱ्याला हात लावू नको सांगितलं होतं. आईच्या जागी पणती होती, पण तो दिवा ते विचारतात तो नव्हे. आईनं नऊ वर्षांत त्यांना एकदाही खोटं सांगितलेलं नाही, भेंडी असली तर भेंडीच म्हणाली. तिच्या जागेवरून पहिलाच शब्द मी खोटा कसा बोलू?

आणि ते विचारतात कुसुमला. मी हो म्हटलं तर कुणाच्या नावानं म्हणते, याचाही विचार केला. पण काल एक झालं ते लिहिते, आणि ते मी एकटीनंच ऐकलं, तेव्हा तू हवं ते समज. चौथ्यांदा विचारून झाल्यावर मी बंद करायला हात पुढं केला, तेव्हा ते नाव न घेता म्हणाले, "दिवा लावलास का?" नुसतं एवढंच, आणि त्याआधीची जागा रिकामी. ज्या आवाजात शाळेतून आल्यावर ते मला "पाय धुतलेस का" म्हणायचे, त्या आवाजात.

आकडा उणे एक-दोनवर थांबला होता. मागं गेला नाही. पुढंही गेला नाही. मी प्लग काढला.

सुतक आज फिटलं. वाती आईनं करून ठेवलेल्या आहेत, डब्यात मोजल्या तर बऱ्याच निघाल्या.

वहीत उद्याच्या पानावर एवढंच लिहिलं आहे:

सहा चाळीसच्या आत दिवा लावणे.

त्रिवेणी